लोकरीतले ग्रीक वळण आणि माळावरचे दगड

लोकरीच्या अरुंद गळपट्ट्यावर उलट टाक्यांचा उठाव देऊन काढलेली काटकोनी वळणांची नक्षी दिसली, की तिला आपण बिनदिक्कत ‘ग्रीक’ म्हणून मोकळे होतो. नाव चुकीचे नाही. ग्रीकांनी ही रेषा भांड्यांवर आणि वस्त्रांच्या काठांवर भरभरून वापरली; तिला आशिया मायनरमधल्या मिअँडर या वळणावळणाच्या नदीचे नाव मिळाले. मात्र ग्रीक स्त्रिया मागावर विणत. सुयांवरच्या विणकामाचे जुने नमुने मध्ययुगीन इजिप्तमधले आहेत. म्हणजे गळपट्ट्यातले चिन्ह एका काळाचे, तर टाका दुसऱ्याच काळाचा.

हीच येरझार एका केंद्राभोवती गुंडाळली की भूलभुलैया होतो. क्रीटमधील क्नोसॉसच्या नाण्यांवर तो चौकोनीही आहे आणि गोलही. कथेतल्या थिसिअसला परतण्यासाठी अरिआद्नीने दिलेला दोऱ्याचा गुंडा लागतो. नाण्यावरच्या आकृतीत मात्र वाट एकच, तिला फाटा नाही, चुकायला जागाच नाही! आपल्याकडे या आकृतीला चक्रव्यूह म्हणतात, आणि हळेबीडच्या मंदिरात बाराव्या शतकातील शिल्पकाराने अभिमन्यूचा व्यूह तिच्याच रूपात कोरला आहे.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत दगड मांडून केलेल्या अशा लहान रचना आढळल्या आहेत. 2025च्या अखेरीस सोलापूरजवळ बोरामणीच्या माळरानावरील 15 फेऱ्यांची मोठी वर्तुळाकार रचना प्रकाशात आली, तेव्हा क्रीटच्या नाण्यांची आणि रोमन व्यापाराची चर्चा ओघानेच सुरू झाली. तिला आधार नाही असे नव्हे. कऱ्हाडजवळची बौद्ध लेणी सातवाहनकालीन व्यापारी वाटेची साक्ष देतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. कार्ल्याच्या खांबांवर यवन दात्यांची नावे आहेत. तरीही, व्यापार होता म्हणून आकृतीही व्यापाऱ्यांनीच आणली, हा निष्कर्ष आम्हांस घाईचा वाटतो. गोव्यात उसगाळीमळ येथे कुशावतीकाठच्या जांभ्या खडकावर तीच आकृती आहे, आणि तिचा काळ अनेक अभ्यासक या व्यापाराच्या बराच मागे नेतात.

आम्हांस अधिक बोलका वाटतो तो हातातल्या साहित्याचा पुरावा. उभ्या-आडव्या धाग्यांत काटकोन आपसूक येतो, वर्तुळ मात्र कष्टाने साधते. मोकळ्या माळावर मधोमध खुंटी ठोकून दोरी फिरवली की वर्तुळ सहज, आणि काटकोनालाच मापे लागतात. म्हणून विणलेली रेषा चौकोनी, मांडलेली गोल. एवढ्या फरकासाठी परदेशी गुरू शोधण्याचे कारण नाही.

गंमत अशी, की याच माळांवर मेंढरे चारणाऱ्या धनगरांच्या लोकरीत ही आकृती मुळीच उतरलेली नाही. सणगरांच्या खड्ड्याच्या मागावर, चिंचोक्याची खळ दिलेल्या जाड सुतातून विणली जाणारी घोंगडी काळी, सपाट असते. फार तर काठाला पांढऱ्या रेघा. सुलट-उलट टाक्यांचा उठाव त्या मागाला शक्य नाही. सांगलीत बसून कोणी चार बोटे रुंदीच्या गळपट्ट्यावर हे वळण विणले, तर या परिसरातील दगडांची आकृती लोकरीत प्रथमच आली असे म्हणता येईल, तीही कोपरे घेऊन.