कांदेपोहे नेमके किती जुने?

आजचा विषय आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एकदा तरी होऊन गेलाय: कांदेपोहे. पदार्थाबद्दल नाही, कार्यक्रमाबद्दल बोलतोय. स्थळ सांगून येतं, मुलाकडचे चार-पाच जण येतात, मुलगी ट्रे घेऊन बाहेर येते, दोन-चार प्रश्न होतात आणि "कळवतो" म्हणून मंडळी निघतात. शहरांत आता हे कमी होत चाललंय. बायोडेटा व्हॉट्सॲपवर येतो, पहिली भेट कॅफेत होते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, परंपरा बुडाली!

पण ही परंपरा किती जुनी? जरा मागे जाऊ.

साल १८७३. महादेव गोविंद रानडे, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, वय तिशीच्या पुढे. पहिली पत्नी वारली. वडिलांनी आग्रह धरला आणि त्यांचं लग्न ११ वर्षांच्या रमाबाईंशी लावून दिलं. लग्न ठरवायचं ते मोठ्यांनी. रानड्यांसारख्या माणसाचं वडिलांपुढे चाललं नाही, तिथे ११ वर्षांच्या मुलीची पसंती कोण विचारणार?

हा प्रश्न कोर्टात गाजला तो रखमाबाईंमुळे. त्यांचंही लग्न ११व्या वर्षी झालं होतं. १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायकोने नांदायला यावं. रखमाबाईंचं म्हणणं सरळ होतं: ज्या वयात संमती देता येत नव्हती, त्या वयातलं लग्न मी का मानू? १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली! १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे इंग्लंडमध्ये शिकून त्या डॉक्टर झाल्या.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ केलं, १९७८ मध्ये ते १८ झालं. मुली शाळेत, मग कॉलेजात जायला लागल्या. आता समोर आठ-दहा वर्षांचं पोर नव्हतं, शिकलेली तरुण मुलगी होती. तिला निदान नावापुरतं तरी विचारावं लागणार होतं. आपल्याला माहीत असलेले कांदेपोहे या बदलातून आले. म्हणजे विचारायचंच नाही, आणि स्वतः ठरवायचं, या दोन टोकांच्या मधलं हे स्टेशन.

स्टेशन काही फार सुखाचं नव्हतं. चालून दाखव, गाणं म्हण, स्वयंपाक येतो का? परीक्षा मुलीची, निकाल मुलाकडचा. नकार पचवायचा तोही बहुतेक वेळा तिनेच.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी लग्नाच्या वेबसाइट आल्या. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे फिल्टर म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. जात, पोटजात, उंची, पगार. जी नाकारली गेली तिला "कळवतो"सुद्धा ऐकू येत नाही. २०११-१२ च्या एका देशव्यापी पाहणीत आंतरजातीय लग्नं जेमतेम ५ टक्के निघाली. कार्यक्रम दिवाणखान्यातून फोनमध्ये गेला, परीक्षा तशीच राहिली.

एक गोष्ट मात्र खरंच हरवली: मध्यस्थ. दोन्ही घरं ओळखणारा काका किंवा मावशी. उद्या काही बिनसलं तर त्यांना जाऊन विचारता यायचं. प्रोफाइलची हमी कोण घेणार? ती चौकशी आता आपली आपणच करायची.

आणि एक आकडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न १८ च्या आत झालं होतं. आपण कॅफे की कांदेपोहे यावर वाद घालतोय, आणि या मुलींसाठी रखमाबाईंचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

तेव्हा परंपरा बुडाली असं कुणी म्हटलं, की एवढंच विचारा: त्या परंपरेत मुलीला "नाही" म्हणता येत होतं का?

आजच्या भागात इतकंच. तुमच्या आजीला तिचं लग्न कसं ठरलं ते नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात!