करवंदाचा कागद कुठे सापडतो?

संशोधनाचा विषय शोधताय ना? मग हा एक प्रश्न घेऊन बघा: रत्नागिरीच्या सड्यावर करवंदं कोण काढत आलं, कधीपासून, आणि कोणाच्या परवानगीने? प्रश्न अगदी घरगुती वाटतो. पण अभिलेखागारात जाऊन कागद मागायला लागलात, की नेमकं काय मागायचं हेच कळत नाही. हापूसचे कागद मिळतात, नारळाचे मिळतात, मिठाचे तर ढिगाने मिळतात. करवंदावर कर नव्हता, ठेका नव्हता, म्हणून खातंही नाही.

मग सुरुवात कुठून करायची? माझं मूळ शिक्षण वनस्पतिशास्त्राचं, त्यामुळे मी नावापासून करते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला आणि त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. पुस्तक संवादांच्या रूपात आहे. त्यातल्या तेराव्या संवादात वेलदोड्याच्या जोडीला ‘कारांदास’ येतं, म्हणजे आपलं करवंद. पुढे १७६७ मध्ये लिनीयसने या झुडपाला ‘कॅरिसा कॅरांडास’ म्हटलं. लिनीयस भारतात कधीच आला नव्हता, पण इथल्या लोकांच्या तोंडचं नाव थोडं वाकडं होऊन त्याच्या लॅटिनमध्ये जाऊन बसलं. ते झुडूप दाखवणारं, त्याचं नाव सांगणारं कोणीतरी होतंच की! त्या माणसाचं नाव कुठे नाही, त्याचा शब्द मात्र जगभरच्या हर्बेरियममध्ये आहे.

(इथे एक कामाची गोष्ट. आपल्याकडच्या रानटी करवंदाला बऱ्याच ग्रंथांत ‘कॅरिसा कन्जेस्टा’ म्हटलेलं आहे. दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर निम्मं साहित्य हातचं जाईल. आणि मोल्सवर्थचा कोश जवळ ठेवा, १८५७ ची दुसरी आवृत्ती. जुन्या मराठीतले झाडापाल्याचे, जमिनीचे शब्द त्यात भरपूर आहेत.)

आता याच सड्यावरचं दुसरं उदाहरण बघा: फुरसं. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. बक्षीस म्हणजे खर्च, खर्च म्हणजे हिशेब. म्हणून साप मोजले गेले. करवंदाच्या जाळीत हात घालणाऱ्या बाईला फुरशाची धास्ती असायची. त्या जाळीच्या बुडातला साप सरकारी आकड्यांत आला. जाळीवरचं फळ आणि ते काढणारी बाई दोघंही बाहेर राहिली. जुना कागद वाचताना मी आधी हेच बघते, की हा लिहून ठेवण्यात कोणाचे पैसे गुंतले होते?

पैशांसारखंच भांडणानेही कागद तयार होतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरांत हकलबेरी नावाची रानटी बेरी मिळते. याकामा लोक ती पिढ्यानपिढ्या गोळा करत आले. मंदीच्या काळात बाहेरचे लोक लोंढ्याने बेऱ्या काढायला येऊ लागले, तंटे झाले. शेवटी १९३२ मध्ये याकामांचा प्रमुख आणि तिथल्या वनखात्याचा अधिकारी यांच्यात तोंडी करार झाला आणि काही भाग याकामांसाठी राखला गेला. त्यामुळे आज तिथल्या अभ्यासकाला हातात धरायला एक तारीख आहे. आपल्याकडे सड्यावर असं ठळक भांडण झालं नाही. कोणाच्याही सड्यावर जाऊन करवंदं काढावीत, कोणी अडवत नसे. भांडण नाही म्हणून कागद नाही.

आणि कागद नसल्याचा फटका आत्ता बसतोय. रत्नागिरीत सरकारी जंगल अगदी थोडं. बहुतेक सडा खासगी मालकीचा. सातबारावर त्यातला कातळ, जाळ्या ‘पोटखराब’ म्हणून लिहिलेल्या. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. आंबा-काजूच्या कलमांसाठी वरकस जमिनी साफ झाल्या, कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले गेले, भोवती गडगे आले. यातून कोकणातल्या कित्येक घरांत पैसा आला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशेबात एकच बाजू आहे. किती कलमं लागली ते मिळेल. किती जाळ्या तोडल्या, ते नाही, कारण पोटखराबात तोडण्यासारखं काही असतं हेच नोंदीला मान्य नाही. वनहक्क कायदा २००६ चा आहे, पण तो वनजमिनीवर. खासगी सड्यावर करवंदं काढणाऱ्या धनगर किंवा कातकरी बाईला तो काय उपयोगाचा?

मग उरतात माणसं. आणि त्यांच्याकडे माहिती खच्चून आहे. लोणच्यासाठी हिरवी करवंदं कधी काढायची, पिकलेलं फळ लगेच खाल्लं तर चिकाने ओठ कसे चिकटतात, पहिला पाऊस पडल्यावर ती का खाऊ नयेत, हे सगळं कोणत्याही ‘फ्लोरा’त मिळणार नाही. पोरं करवंद चावून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळतात, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. वनस्पतिशास्त्रात याला फळाच्या गराच्या रंगातलं वैविध्य म्हणतील. पोरांनी ते कधीच टिपलंय.

वैशाखात एसटी स्टँडवर पानाच्या द्रोणात करवंदं विकणारी मावशी भेटली, तर आधी द्रोण विकत घ्या, गिऱ्हाइकांची गर्दी ओसरू द्या. ‘पूर्वी कशी होती करवंदं?’ असं मोघम विचारू नका. ‘पूर्वी खूप होती’ एवढंच उत्तर येईल. ‘मावशी, ही कुठल्या सड्यावरची? लग्न होऊन आलात तेव्हा कुठल्या सड्यावर जायचात? तिथे आता काय आहे?’ असं विचारा. सड्यांची नावं लिहून घ्या, मग त्याच गावाचा जुना आणि नवा सातबारा काढा.