तीन विलंबांचे प्रतिमान

तीन विलंबांचे प्रतिमान हे गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी अथवा प्रसूतीनंतर गुंतागुंत निर्माण झालेल्या स्त्रीला आवश्यक उपचार वेळेवर का मिळत नाहीत, याचे स्पष्टीकरण देणारे सार्वजनिक आरोग्यशास्त्रातील प्रतिमान आहे. कोलंबिया विद्यापीठातील संशोधक सेरीन थॅडियस व डेबोरा मेन यांनी ते १९९४ मध्ये 'सोशल सायन्स अँड मेडिसिन' या नियतकालिकात मांडले. पुढे नवजात बालकांच्या आणि इतर तातडीच्या आजारांच्या अभ्यासातही त्याचा वापर होऊ लागला.

पार्श्वभूमी

बहुतेक प्रसूतिविषयक गुंतागुंतींवर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. मात्र त्यांसाठी मिळणारा अवधी अल्प असतो. मेन यांच्या अंदाजानुसार, उपचार न झाल्यास प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने सरासरी २ तासांत, तर अडलेल्या प्रसूतीने सरासरी ३ दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. त्यामुळे विलंब हाच या प्रतिमानाचा केंद्रबिंदू आहे.

तीन विलंब

पहिला विलंब उपचार घेण्याचा निर्णय होण्यात होतो. धोक्याची लक्षणे न ओळखणे, निर्णयाचा अधिकार पती वा सासरच्या मंडळींकडे असणे, खर्चाची धास्ती आणि रुग्णालयातील पूर्वीचा कटू अनुभव ही त्याची कारणे होत.

दुसरा विलंब आरोग्यकेंद्रापर्यंत पोहोचण्यात होतो. अंतर, रस्ते आणि वाहनांचा अभाव यांमुळे तो घडतो. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसराचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुरामुळे पावसाळ्यात वारंवार तुटतो, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

तिसरा विलंब केंद्रात पोहोचल्यानंतर होतो. डॉक्टर, रक्त, औषधे वा शस्त्रक्रियेची सोय नसल्यास रुग्णाला पुढच्या रुग्णालयात पाठवले जाते आणि प्रवास नव्याने सुरू होतो.

हे विलंब परस्परांशी निगडित आहेत. केंद्रात योग्य उपचार मिळत नाहीत असा अनुभव गावात पसरला, की पुढील रुग्णाच्या घरी निर्णयच लांबतो. सेवेचा दर्जा हा लोकांना पुष्कळदा खर्चापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, असे लेखिकांचे निरीक्षण आहे. त्यामुळे उपचार न घेण्याचे कारण केवळ अज्ञान वा अंधश्रद्धा मानणे अपुरे ठरते.

भारतातील उपाययोजना

२००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेतून संस्थात्मक प्रसूतीसाठी आर्थिक साहाय्य दिले जाते, तर आशा स्वयंसेविका गरोदर स्त्रियांना रुग्णालयात जाण्यास प्रवृत्त करतात. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून कार्यरत आहे. राज्याच्या दुर्गम आदिवासी भागांत 'माहेरघर' योजनेखाली प्रसूतीपूर्वी काही दिवस आरोग्यकेंद्राच्या आवारात राहण्याची सोय केली जाते. या उपायांचा रोख मुख्यतः पहिल्या दोन विलंबांवर आहे. तिसरा विलंब तज्ज्ञ मनुष्यबळ व साधनसामग्रीशिवाय कमी होत नाही.

मर्यादा

हे प्रतिमान गुंतागुंत उद्भवल्यानंतरच्या काळावर भर देते. कुपोषण, रक्तक्षय, कमी वयातील विवाह यांसारखी आधीची कारणे त्याच्या कक्षेत पुरेशी येत नाहीत. काही अभ्यासकांनी चौथा विलंबही सुचवला आहे. मात्र त्याच्या व्याख्येबाबत एकमत नाही.