फेटाळलेला ठराव

10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार रोहम यांनी एक ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्याची साधने लोकांना मिळवून द्यावीत, ही मागणी होती. भाषण डॉ. आंबेडकरांनी तयार केले होते. प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकापेक्षा जास्त मुलांना कोणी राजी झाला नसता, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. ठराव मोठ्या बहुमताने पडला. गरिबाला आधी भाकरी हवी, लैंगिक आरोग्य हा पोटभरल्यांचा विषय, असे आजही ऐकू येते. माझ्या मते त्या आक्षेपाला हा ठराव हेच सबळ उत्तर आहे. तो मांडणारा पक्ष कामगारांचा, भूमिहीनांचा आणि अस्पृश्यांचा होता. लागोपाठच्या बाळंतपणांनी बाई खंगली की घरातली भाकरीही तुटते, हे भाकरीसाठी लढणाऱ्यांनीच ओळखले होते.

त्याआधी 1921 मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या कार्यापायी गणिताची प्राध्यापकी गेली, तरी 1927 साली सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी 1953 मध्ये मरेपर्यंत चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवून 1934 मध्ये खटला भरला गेला. वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. त्यांचे धैर्य असामान्यच, पण मासिकाला वाचता येणारा माणूस लागतो. चाळीतल्या निरक्षर मुलीपर्यंत ते पोचणे शक्य नव्हते. ही माहिती द्यायची जबाबदारी सरकारवर टाकणारा 1938 चा ठराव म्हणूनच कर्व्यांच्या पुढचे पाऊल होता. सरकारच्या हाती हा विषय दिला की सक्ती येते, असे कोणी म्हणेल, आणि आणीबाणीतल्या नसबंदीचा दाखला खोटा नाही. पण 1952 पासूनच्या सरकारी कुटुंबनियोजनाची नजर मुख्यतः जन्मदरावर आणि विवाहित जोडप्यांवर राहिली. बाईचे म्हणणे त्यातून गळले, अविवाहित मुलगी तर हिशेबातच नव्हती. ठरावात बाईची वेदना होती, कार्यक्रमात आकडे आले. सक्तीचे मूळ मला या बदलात दिसते.

त्याची किंमत 1989 मध्ये उघडी पडली. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 92 टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आल्यावर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण, ही समजूत टिकेना. पुढे डॉ. बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून मुलामुलींशी थेट बोलायला सुरुवात केली. सांगितल्याने मुले बिघडतात, हा जुना आक्षेप मात्र सरला नाही. 2007 मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला महाराष्ट्रातच विरोध होऊन ते थांबवले गेले. आईबापांची काळजी खरी आहे, तिची टवाळी करू नये. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. म्हणजे जो विषय शाळेत नको म्हणतात, तो शाळेच्या वयातच या मुलींच्या वाट्याला आला होता. पाळी, गर्भ आणि नाही म्हणण्याचा हक्क त्यांना कोणी आणि केव्हा सांगायचा, हे बंदी मागणाऱ्यांनी सांगितलेले नाही.