सिनेमाविना गाणं आणि व्हिडिओतली गोष्ट

हिंदी सिनेमातल्या गाण्याला पात्रं आणि प्रसंग आयते मिळतात. नायिका कोण, ती का रुसली, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. गीतकाराला तिच्या मनातलं तेवढं सांगायचं उरतं. १९९०च्या दशकात बहरलेल्या इंडिपॉपला ही सोय नव्हती. बिगरफिल्मी गाण्याच्या मागेपुढे कथाच नसे. ती चार-पाच मिनिटांत उभी करायचं काम म्युझिक व्हिडिओवर येऊन पडलं.

१९९१मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही भारतीय घरांत पोहोचला, १९९४मध्ये चॅनल व्ही आला. दिवसभर गाणी लावायची तर चित्रं हवीत, आणि कॅसेट कंपन्यांनाही जाहिरात हवीच होती. सुरुवातीला गायक आणि भोवती नाचणारे एवढ्यावर भागत असे. १९९५च्या ‘मेड इन इंडिया’ने वेगळी वाट दाखवली. बिद्दू यांचं संगीत, अलिशा चिनॉयचा आवाज आणि केन घोष यांचं दिग्दर्शन. शब्दांत फक्त भारतीय मनाच्या जोडीदाराची ओढ आहे. घोष यांनी तिचं स्वयंवर केलं. राजकन्येपुढे देशोदेशीचे उमेदवार येतात, ती त्यांना नाकारते आणि शेवटी लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर पडतो. ध्रुवपद प्रत्येक वेळी तेच, पण आधी ते तक्रारीसारखं ऐकू येतं आणि शेवटी होकारासारखं. शब्द न बदलता अर्थ बदलण्याची ही किमया म्युझिक व्हिडिओचं खरं बळ आहे.

फाल्गुनी पाठकच्या व्हिडिओंत गोष्ट कोवळ्या प्रेमाची, आणि गायिका स्वतः बाजूला उभी राहून ती पाहणारी, जवळजवळ सूत्रधारच. दिग्दर्शक प्रदीप सरकार जाहिरातींच्या दुनियेतून आले होते, थोडक्यात कथा सांगण्यात मुरलेले. ‘पिया बसंती’सारख्या व्हिडिओंत ते कसब दिसतं.

या साऱ्यांत ‘मन के मंजीरे’चं स्थान सर्वांत वरचं. स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने तो अल्बम काढला. शब्द प्रसून जोशी यांचे, संगीत शंतनू मोईत्रा यांचं, गायन शुभा मुद्गल यांचं. गीतात मारहाणीचा उल्लेख नाही, ट्रकचा तर नाहीच. आहे तो मनात दाटलेला आनंद. पडद्यावर मात्र मीता वसिष्ठ छळणाऱ्या नवऱ्याचं घर सोडते आणि ट्रक चालवू लागते. ही कथा एका खऱ्या स्त्रीच्या आयुष्यावरून घेतलेली. नुसतं ऐकताना जे गाणं उल्हासाचं वाटतं, ते पाहताना सुटकेचं होतं. दुःख गीतकाराने शब्दांत मांडलं असतं, तर चित्राला फक्त त्याची उजळणी करावी लागली असती. त्याने मोकळी ठेवलेली जागा दिग्दर्शनाने भरली.

गीत आणि चित्राचं हे नातं लवकरच विस्कटलं. २००२मध्ये ‘कांटा लगा’चं रिमिक्स आलं. १९७२च्या ‘समाधि’ सिनेमातलं, लता मंगेशकरांनी गायलेलं हे गाणं बोरीच्या झाडाखाली रुतलेल्या काट्याचं. व्हिडिओ थेट नाइटक्लबात गेला. तिथे शब्द आणि चित्र यांचं एकमेकांशी काही देणंघेणं उरलं नाही. तरी व्हिडिओ तुफान चालला आणि रिमिक्सची लाट आली. पुढे वाहिन्या मालिका आणि रिॲलिटी शोंकडे वळल्या. आता यूट्यूबवर कंपन्या ‘लिरिकल व्हिडिओ’ही काढतात; त्यात पडद्यावर गाण्याचे शब्द सरकतात, गोष्ट बहुधा नसतेच.