लहान प्राण्यांच्या शिकारीत लेझर रेंजफाइंडर: निवड आणि वापर

लेझर रेंजफाइंडर म्हणजे दूरच्या वस्तूचे अंतर मोजणारे, हातात मावणारे दुर्बिणीसारखे उपकरण. अमेरिकेत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात खार, ससा अशा लहान प्राण्यांची शिकार करता येते. तिथले अनेक शिकारी हे उपकरण वापरतात.

अंतर कळण्याची गरज का?

या शिकारीत .२२ लाँग रायफल हे हलके काडतूस सर्रास वापरतात. त्याची गोळी संथ असल्याने लवकर खाली येते. ४५ मीटरवर नेम जुळवलेल्या रायफलची गोळी ९० मीटरवर साधारण १५ सेंटिमीटर खाली लागते. खारीचे डोके मात्र जेमतेम ४ सेंटिमीटरचे! अंदाज चुकला तर प्राणी जखमी होऊन निसटतो आणि तडफडत मरतो. अंतर मोजण्याचा खरा फायदा म्हणजे नेम धरायचा की सोडून द्यायचा, हे ठरवता येते.

ते काम कसे करते?

उपकरणातून अदृश्य अवरक्त प्रकाशाचा क्षणिक झोत निघतो, वस्तूवर आपटून परततो. त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. त्यामुळे वेळेत एक अब्जांश सेकंदाची चूक झाली तरी अंतर १५ सेंटिमीटरने चुकते.

निवडताना काय पाहावे?

- पल्ला: खोक्यावरचा मोठा आकडा चकचकीत, प्रकाश चांगला परतवणाऱ्या वस्तूसाठी असतो. केसाळ प्राण्यावर तो बराच घटतो. या शिकारीला १०० मीटरपर्यंतचे अचूक मापन पुरते.
- किमान अंतर: अगदी जवळचे अंतरही मोजता आले पाहिजे.
- मोजण्याची पद्धत: जवळच्या फांद्या वगळून मागची वस्तू मोजण्याची सोय दाट झाडीत उपयोगी पडते.
- कोन: ४५ अंश वर असलेल्या, ४० मीटरवरच्या खारीचे आडवे अंतर २८ मीटरच भरते. गोळीची घसरण या आडव्या अंतरावर ठरते. मात्र इतक्या जवळून फरक किरकोळ पडतो; त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

वापरताना

झोत पुढे जाताना पसरतो, त्यामुळे तो खारीऐवजी पानांवरून परतू शकतो. म्हणून ती ज्या खोडाला चिकटली आहे, ते खोड मोजावे. एका जागी दबा धरून बसायचे असेल, तर आजूबाजूच्या झाडांची अंतरे आधीच मोजून ठेवावीत. धुके आणि पावसात मापन चुकू शकते. प्राण्याच्या मागे काय आहे, हे उपकरण सांगत नाही. .२२ ची गोळी दीड किलोमीटरहून दूर जाऊ शकते. मागे जाड खोड किंवा मातीचा उतार नसेल, तर गोळी झाडू नये.

भारतात काय?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतात वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. ससाही त्यातून सुटलेला नाही. आपल्याकडे हे उपकरण गोल्फ, मोजणी आणि झाडांची उंची काढणे अशा कामांना उपयोगी पडते.