कोलायडरचं मूळ घराणं

2012 साली हिग्ज बोसॉन सापडला आणि जिनिव्हाजवळ जमिनीखाली असलेला 27 किलोमीटर घेराचा लार्ज हेड्रॉन कोलायडर घरोघरी माहीत झाला. या कुळाचा मूळपुरुष मात्र खोलीत मावेल एवढा होता. रोमजवळच्या फ्रास्काती गावातलं ते एक कडं. नाव आदा.

कल्पना त्याहून जुनी. 1943 मध्ये रोल्फ विडेरो या नॉर्वेजियन इंजिनिअरनं एक हिशेब मांडला. धावती गाडी उभ्या गाडीवर आदळली, तर बरीचशी ताकद दोन्ही गाड्यांना पुढे ढकलण्यात वाया जाते. त्याच गाड्या समोरासमोर आदळल्या, तर सगळी ताकद टकरीच्या कामी येते. कणांच्या टकरीत उरलेल्या या ऊर्जेतूनच नवे कण जन्माला येतात. कण प्रकाशाच्या वेगाजवळ पोचले की उभ्या लक्ष्यावरची नासाडी तर बेसुमार वाढते. विडेरोनं पेटंटसाठी अर्ज केला. त्याचा तरुण सहकारी ब्रूनो टाउशेक याचं मत पडलं, की ही उघड गोष्ट आहे, तिचं कसलं पेटंट!

टाउशेक व्हिएन्नाचा, आई ज्यू. 1945 च्या सुरुवातीला हॅम्बुर्गमध्ये गेस्टापोनं त्याला पकडलं. विडेरो तुरुंगात त्याला भेटायला जात असे. पुढे कैद्यांना कीलच्या छावणीकडे पायी नेताना आजारी टाउशेक रस्त्यात कोसळला. पहारेकऱ्यानं गोळी झाडली आणि मेला समजून तिथेच सोडून दिलं. गोळी कानाजवळ लागली होती. तो वाचला.

1956 पर्यंत अमेरिकेतही समोरासमोरच्या टकरींचे आराखडे निघाले होते, पण त्यांत दोन झोतांसाठी दोन कडी लागत. 7 मार्च 1960 रोजी फ्रास्कातीच्या व्याख्यानात टाउशेकनं सुचवलं, की इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांचीच टक्कर घडवू. वस्तुमान सारखं, विद्युतभार उलटा; म्हणजे एकाच कड्यात, त्याच चुंबकानं दोघे उलट दिशांनी फिरतील. शिवाय भेटले की दोघे नष्ट होतात आणि मागे निव्वळ ऊर्जा उरते.

वर्षही पुरं झालं नव्हतं, 27 फेब्रुवारी 1961 ला आदामध्ये इलेक्ट्रॉन फिरू लागले. कड्यात एकच इलेक्ट्रॉन उरला तरी त्याचा प्रकाश साध्या डोळ्यांना दिसे! पण पॉझिट्रॉन पुरेसे मिळेनात. म्हणून 1962 मध्ये आदाला ट्रकवर चढवून फ्रान्समधल्या ऑर्से इथल्या ताकदवान प्रवेगकाकडे नेलं. आतली निर्वात पोकळी टिकावी म्हणून पंप प्रवासभर बॅटरीवर चालू होते. टकरी होतात याचा पुरावा ऑर्सेमध्येच मिळाला. नवा कण मात्र आदानं एकही शोधला नाही.

तिची धाकटी, पण अंगानं मोठी बहीण आदोने. तिची कमाल ऊर्जा ठरली 3 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. नोव्हेंबर 1974 मध्ये अमेरिकेत दोन ठिकाणी जे/साय हा नवा कण सापडला, 3.1 वर. बातमी येताच फ्रास्कातीकरांनी यंत्र मर्यादेपलीकडे ताणलं, आणि काही दिवसांत तो कण त्यांनाही दिसला. यंत्र थोडं मोठं बांधलं असतं, तर कदाचित शोध त्यांच्या नावावर असता. उभ्या इलेक्ट्रॉनवर पॉझिट्रॉन आदळून हाच कण मिळवायचा, तर पॉझिट्रॉनला नऊ हजार गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जा द्यावी लागली असती.

पुढे कण-प्रतिकणांची हीच युक्ती प्रोटॉनांवर चालली. 1983 मध्ये सर्न या प्रयोगशाळेला डब्ल्यू आणि झेड हे कण मिळाले, 1995 मध्ये अमेरिकेच्या टेव्हाट्रॉनवर टॉप क्वार्क. त्या शोधात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते. लार्ज हेड्रॉन कोलायडर मात्र चुलत शाखेतला. प्रतिप्रोटॉन हवे तितके बनवता येत नाहीत, म्हणून तिथे प्रोटॉनांवर प्रोटॉनच आदळतात. बोगदा तेवढा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनवाल्या लेपकडून वारशानं मिळालेला.

जे/सायबद्दल 1976 चं आणि डब्ल्यू-झेडबद्दल 1984 चं नोबेल दिलं गेलं. टाउशेक 1978 मध्ये 57 व्या वर्षी वारला, नोबेलविना. समोरासमोरच्या टकरीचं श्रेय विडेरोचं. पण कण आणि प्रतिकण एकाच कड्यात फिरवण्याचा मान टाउशेकचाच.